पेरूचा पास हातात आहे, उतरायचं कुठे?

गेल्या अंकात दक्षिण पेरूवर लिहिलं, तेव्हा लिमाहून समुद्रकाठाने खाली जाणाऱ्या आणि मग अँडीज चढून कुस्कोला पोचवणाऱ्या हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचा उल्लेख केला होता. त्या बसविषयी बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

ताई, सप्रेम नमस्कार. मी ६३ वर्षांचा, पत्नी ५९ वर्षांची. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो. मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत आणि तिथून पंधरा दिवस पेरू करायचा आहे. मुलगा म्हणतो, लिमाहून विमानाने थेट कुस्को गाठा, बसचे हाल कशाला? तुम्ही मात्र बस सुचवता. का? आणि ही बस चालते तरी कशी?
— निवृत्त बँक अधिकारी, सांगली

तुमचे हाल होऊ नयेत असं मुलाला वाटतं, ते बरोबरच आहे. पण माझ्या मते हाल विमानानेच होतील. लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहच्या उंचीला. लेहला विमानाने उतरलेल्यांचे पहिले दोन दिवस कसे गेले, हे तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी सांगेल. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. पेरूत याला सोरोचे म्हणतात. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस द्यावेच लागतात. ते खोलीत पडून काढण्यापेक्षा वाटेत काही बघत काढावेत, म्हणून मी बस म्हणते.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास तुम्ही वापरला असेल. ही व्यवस्था त्याच्या जवळची आहे. पेरू हॉप या कंपनीने २०१३ मध्ये ती सुरू केली. लिमा ते कुस्को असा एका दिशेचा पास घ्यायचा, मध्ये पाराकास, वाकाचिना, नास्का, आरेकिपा, पुनो यांपैकी हव्या त्या गावी उतरायचं, राहायचं आणि पुढच्या गाडीने निघायचं. मात्र फक्त त्याच कंपनीच्या गाड्यांत बसता येतं आणि प्रत्येक टप्प्याची जागा आधी फोनवरून राखून ठेवावी लागते. लंडनमध्ये दर थोड्या वेळाने येणारी लाल दुमजली बस डोळ्यांसमोर असेल तर ती विसरा. इथे दोन गावांमधलं अंतर शेकडो किलोमीटर असतं, एक गाडी चुकली की बहुधा दुसऱ्या दिवशीचीच. सोय अशी की मोठ्या गावांत गाडी तुम्हाला मुक्कामावरून घेते. लिमात सगळ्या कंपन्यांचं मिळून एक स्टँड नाही, जो तो आपापल्या आगारातून गाड्या सोडतो. त्यामुळे सामान घेऊन फिरणाऱ्या साठीतल्या माणसांना ही सोय मोठी आहे. गाडीत इंग्रजी बोलणारा वाटाड्याही असतो.

आता तुमचे मुक्काम. लिमात दोन रात्री राहा. पाराकासला एक रात्र पुरते. बायेस्तास बेटांची बोट सकाळीच गाठा, कारण दुपारी तिथे वारा उठतो. समुद्र खवळलेला असेल तर बंदर बंद ठेवतात, त्या दिवशी हट्ट करू नका. वाकाचिनाच्या वाळूच्या डोंगरांवर उघड्या गाडीतून जी घुसळण होते ती पाठीचा त्रास असलेल्यांनी टाळावी. तळ्याकाठी बसून सूर्यास्त बघितला तरी खूप आहे.

नास्काहून आरेकिपाला जायला नऊ-दहा तास लागतात आणि हा टप्पा बहुधा रात्रीचा असतो. औषधं, स्वेटर, पाणी जवळच्या पिशवीत ठेवा, डिकीत टाकू नका.

आरेकिपाला मात्र घाई नको. तीन रात्री राहाच, चार राहिलात तर उत्तम. माझं आयुष्य भूगोल शिकवण्यात गेलं आणि २,३३५ मीटरवरचं हे शहर म्हणजे निसर्गाने बांधलेली पायरी आहे असं मला वाटतं. आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे सातशे मीटर उंच, तरीही बहुतेकांना इथे त्रास होत नाही. सगळं जुनं शहर सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं आहे. एल मिस्ती हा ५,८२२ मीटरचा ज्वालामुखी रस्त्याच्या टोकाला उभा दिसतो. सांता कातालिना हा मठ १५७९ मध्ये स्थापन झाला, चार शतकं बंद दारांआड होता आणि १९७० मध्ये लोकांसाठी उघडला. आत निळ्या आणि तांबड्या भिंतींच्या गल्ल्याच गल्ल्या आहेत. पत्नीसोबत तिथे अख्खी सकाळ घालवा. आम्ही गेलो तेव्हा माझे यजमान एका स्वयंपाकघरातली काजळलेली चूल बघत इतका वेळ उभे राहिले की राखणदार बाई येऊन त्यांच्याशी बोलायला लागल्या.

गिधाडांसाठी प्रसिद्ध असलेली कोल्का दरी तिथून जवळ आहे, पण एका दिवसाची सहल घेऊ नका. ती पहाटे तीनच्या सुमारास निघते आणि सुमारे ४,९०० मीटरचा पातापाम्पा घाट ओलांडते. आरेकिपात दोन रात्री काढून मग चिवायला मुक्काम असलेली दोन दिवसांची सहल घ्या.

पुढे पुनो. टिटिकाका सरोवराकाठचं हे गाव कुस्कोपेक्षाही उंच आहे, ३,८३० मीटरवर. बस सगळा चढ हळूहळू चढवते असं मी म्हणणार नाही, आरेकिपा ते पुनो ही उडी मोठीच आहे. पहिल्या संध्याकाळी गरम सूप घ्या आणि झोपा. दुसऱ्या दिवशी उरोसची तोतोरा गवताची तरंगती बेटं बघा. ताकिले बेटावर बंदरापासून गावापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. तिथले पुरुष विणकाम करतात, ते विणकाम युनेस्कोच्या यादीत आहे आणि बघण्यासारखंच आहे, पण पायऱ्यांचा निर्णय त्या दिवशीच्या श्वासावर सोडा. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर वाट न पाहता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीच्या त्रासावर घेतात ती डायमॉक्सची गोळी आणि तुमची रक्तदाबाची गोळी एकत्र चालेल का, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

पुनोहून निघाल्यावर ला राया खिंड ओलांडून कुस्कोला पोचलात की लगेच पुढे ओयान्तायताम्बोला जा. ते २,७९० मीटरवर आहे, झोप चांगली लागते आणि माचू पिचूची रेल्वे तिथूनच मिळते. माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर आहे. तिकिटं काही महिने आधी काढा. प्रवेशाला मूळ पासपोर्ट लागतो. कुस्को शहर सगळ्यात शेवटी बघा.

तुमच्याकडे किमान सहा महिने वैध असलेला अमेरिकेचा व्हिसा असेल, तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीच्या सूचना वाचून घ्या. पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं मात्र नीट समजून घ्या. भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत पेरू आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. तुम्ही मुलाकडे परत जाऊन आठवडाभर राहणार असाल तर हा प्रश्न उरत नाही. साठीनंतर या लसीचे दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून ‘कशाला चौकशी, घेऊनच टाकू’ असं करू नका.

माझी द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. डिसेंबर-जानेवारीत आमच्या आधी पेरूची द्राक्षं तिथे पोचलेली असतात. तुमची बस इका भागातून जाते असं वाचलं. उतरून बागा बघता येतील का?
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. या रस्त्याकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघणारे प्रवासी कमी.

बस इका शहराला लागून असलेल्या वाकाचिनाला थांबते. तिथे उतरून किमान दोन रात्री राहा. टॅक्सीने इका अगदी जवळ आहे. पिस्को ही द्राक्षांची दारू गाळणाऱ्या जुन्या भट्ट्या पर्यटकांना आत घेतात. ताकामा ही वाडी सोळाव्या शतकापासूनची, दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या द्राक्षमळ्यांपैकी एक. तुमच्या कामाच्या बागा वेगळ्या, निर्यातीच्या. त्या खासगी कंपन्यांच्या आहेत, फाटकावर उभं राहून प्रवेश मिळत नाही. तुमच्या निर्यातदारामार्फत किंवा युरोपातल्या खरेदीदारामार्फत आधी पत्र पाठवा. इकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग सोडून निघणं तुम्हाला किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. हंगामाबाहेर गेलात तर घड दिसणार नाहीत, पण पाणी कुठून येतं ते बाराही महिने दिसतं आणि खरं बघण्यासारखं तेच आहे.

बसच्या खिडकीतून बघत राहा. लिमा सोडलं की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे वाळवंट. किनाऱ्यालगत हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे हवेत धुकं दाटतं पण पाऊस पडत नाही. इकाला वर्षभरात नावापुरताच पाऊस होतो. अँडीजमधून उतरणारी एखादी नदी लागली की तेवढा पट्टा हिरवा होतो, काही किलोमीटरने परत वाळू. अवकाळी नाही, गारपीट नाही, डाऊनी या बुरशीची भीती कमी. तुमच्याकडे फुलोऱ्यात पाऊस आला की रात्र-रात्र फवारणी करावी लागते, ती तिथे नाही. याची किंमत जमिनीखालून वसूल होते. निर्यातीच्या शतावरी आणि द्राक्षांसाठी खोल विंधन विहिरींतून इतका उपसा झाला की इकाच्या खोऱ्यातली भूजल पातळी खाली गेली आणि लहान शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या. सरकारने नव्या विहिरींवर बंदी घातली आहे. बागांच्या ओळी बघताना त्या आटलेल्या विहिरीही बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि नास्काला उतराच. सगळे तिथल्या वाळवंटात जमिनीवर कोरलेल्या प्रचंड प्राचीन रेषांसाठी उतरतात, तुम्ही कान्तायोकसाठी उतरा. गावापासून जवळच आहे. नास्का संस्कृतीच्या लोकांनी स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतकं आधी जमिनीखालून कालवे खणून भूजल शेतापर्यंत आणलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कालव्यावर ठरावीक अंतराने शंखासारखी वळत खाली जाणारी दगडी तोंडं आहेत. त्यांतून हवा आत जाते आणि गाळ काढायला माणूस उतरतो. यातले बरेच कालवे आजही वाहतात, त्या पाण्यावर शेती होते. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी तुम्ही पाहिली असेल. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहरात खेळवलं. नास्काच्या माणसाला त्याचं काम कळलं असतं आणि त्याला नास्काच्या माणसाचं. मी त्या वळणावरून खाली उतरून हात पाण्यात घातला. वर कोरडं ठणठणीत रान आणि खाली गार वाहतं पाणी. शेतकरी माणसाला तिथून लवकर निघवणार नाही.

पण बस नास्काला फक्त रेषा दाखवणाऱ्या मनोऱ्यापाशी आणि जेवणापुरती थांबते. कान्तायोकसाठी एक रात्र राहावं लागेल, त्याप्रमाणे पुढची जागा राखून ठेवा.

ताई, मी २६ वर्षांची आहे आणि एकटी जाणार आहे. रात्रीच्या बसने जावं का? आणि नास्काचं विमान घेऊ की नको?
— एक वाचक, पुणे

एकटी निघते आहेस हे वाचून बरं वाटलं. पर्यटक बसने रात्रीचा प्रवास कर, मला त्यात धोका वाटत नाही. मुक्कामावरून गाडी घेते, वाटाड्या सोबत असतो आणि दोन टप्प्यांत ओळखी होतात. जपायचं ते सामान. पिशवी डोक्यावरच्या फळीवर ठेवू नकोस, मांडीवर घे आणि पट्टा हाताला गुंडाळ. लिमात रस्त्यावर उभं राहून फोन काढू नकोस आणि टॅक्सी ॲपवरूनच बोलाव.

एक मात्र सांगते. त्या बसमध्ये तुझ्यासारखेच परदेशी प्रवासी भेटतील, पेरूची माणसं फारशी भेटणार नाहीत. म्हणून एखादा दिवसाचा टप्पा पास बाजूला ठेवून क्रूस देल सूर किंवा ओल्तुर्सासारख्या तिथल्या कंपनीच्या गाडीने कर. शेजारी शाळेतून घरी निघालेली मास्तरीण बसेल किंवा कोंबड्यांचं खाद्य घेऊन निघालेला गृहस्थ बसेल. मोडक्या स्पॅनिशमध्ये बोल.

चिंचा या गावाजवळच्या एल कार्मेनला, सान होसे या जुन्या वाड्यापाशी गाडी थांबली तर तळघरात उतर. उसाच्या आणि कापसाच्या शेतांवर राबण्यासाठी आणलेल्या आफ्रिकी गुलामांना तिथल्या भुयारांतून नेत. पेरूत गुलामगिरी १८५४ मध्ये संपली. त्या गावात आज त्यांचे वंशज राहतात, त्यांचं संगीत साऱ्या पेरूने आपलं केलं आहे. सहप्रवाशांनी तिथे हसत फोटो काढले तर तू काढू नकोस.

नास्काचं विमान लहान असतं आणि रेषा दोन्ही बाजूंना दिसाव्यात म्हणून सारखं कलतं. पोट हलकं ठेवून आणि उलटीची गोळी घेऊन जाता येत असेल तर घे, वरून दिसणारं चित्र मनोऱ्यावरून दिसत नाही. मनोऱ्यावरून दोन आकृत्या नीट दिसतात. तिसरी, सरड्याची, पॅन-अमेरिकन महामार्गाने मधोमध कापली आहे. मारिया रायखे या जर्मन गणितज्ञ बाईंनी वाळवंटात राहून आयुष्यभर या रेषा मोजल्या आणि राखल्या. त्यांची आठवण ठेवून बघ.

परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेव. दक्षिण पेरूत आंदोलनात रस्ते अडवतात. डिसेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष पेद्रो कास्तियो यांना पदावरून काढल्यावर पुनो आणि कुस्कोकडचे रस्ते कित्येक आठवडे अडले होते, जानेवारी २०२३ मध्ये माचू पिचूही बंद ठेवावं लागलं. अशा वेळी रागावू नकोस, त्या माणसांची गाऱ्हाणी खरी असतात. पुढची जागा बदलून घे आणि आहेस त्या गावात राहा.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. सोबत सासूबाई आहेत, त्यांची संकष्टी मोडत नाही. वाटेत जेवणाचं काय?
— गृहिणी, इचलकरंजी

सासूबाईंची काळजी सगळ्यात कमी करा. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि पेरूत तो उकडून ताटात वाढतात. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं, आणि बटाटा तर टिटिकाकाच्या आसपासच्या डोंगरांतलाच. आपल्या उपवासाच्या खिचडीचा जवळजवळ सगळा शिधा ज्या मुलखातून आला, तिथे त्या चालल्या आहेत. आरेकिपाच्या सान कामिलो बाजारात बटाट्यांच्या राशी दाखवा. जांभळे, काळपट, बोटाएवढे, गाठीगाठीचे. राजगिऱ्याच्या जातीचं किविचा मिळतं, त्याच्या लाह्यांची मधात बांधलेली वडी बसमध्ये बरोबर ठेवायला चांगली.

बाकीच्यांसाठी सांगायचं ते स्पष्ट सांगा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो. मटण, कोंबडी, मासा, अंडं, चारही वेगवेगळं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की कोंबडी येते. सूप दिसायला भाज्यांचं असलं तरी बहुधा हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. पापा आ ला वान्काइना म्हणजे चीज आणि पिवळ्या मिरचीच्या रसात बुडवलेले बटाटे, त्यावर ठेवतात ती अंड्याची फोड आधीच नको म्हणा. आरेकिपाचं सोल्तेरितो, म्हणजे ताजं चीज, मका, टोमॅटो आणि पावट्यासारखे मोठे दाणे यांची कोशिंबीर, मला फार आवडली. बस जेवायला थांबते तिथे पर्याय थोडेच असतात. सकाळी निघतानाच पाव, चीज, केळी आणि पपई घेऊन ठेवा. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. विमानतळावर खाद्यपदार्थ जाहीर करा, पाकिटं बंद असू द्या.

पुनोला कोकाचा चहा पिऊन डोकेदुखी थांबली असं एकाने सांगितलं. परत येताना त्याच्या पुड्या आणू का?
— एक वाचक, ठाणे

नाही. कोकेन ज्यांपासून बनतं ती कोकाची पानं पेरूत कायदेशीर आहेत, हॉटेलात पाहुण्यासमोर पहिला पेला त्याचाच ठेवतात. अँडीजच्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चघळली आहेत आणि तिथे तो चहा जरूर प्यावा. मात्र तुमच्या नोकरीत अमली पदार्थांची तपासणी होत असेल तर तोही पिऊ नका, नमुन्यात अंश सापडू शकतो. भारतात कोकाचं पान अमली पदार्थ कायद्याखाली येतं, चहाच्या पुडीत असलं तरी. अमेरिकेतही तेच. भेट म्हणून न्यायचंच असेल तर कुस्को भागातल्या कियाबाम्बाच्या कोकोचं चॉकलेट न्या, कुस्कोच्या बाजारात सहज मिळतं.